पाहुण्यांचं पिवळं मटण

कोबी उकडल्याचा वास आला की आधी शेजारच्या, दूध घालणाऱ्या मावशी आठवतात, मग तो दिवस. मी हिंगोलीकडची, सातवीत शाळा सुटलेली, कोळवणच्या फार्महाऊसवर नुकतीच स्वयंपाकाला लागले होते. मालकीणबाई आयर्लंडच्या, त्यांचे वडील पहिल्यांदाच यायचे होते. तिकडे मिठाच्या पाण्यात मुरवलेलं गोमांस भाज्यांबरोबर उकडतात, इथं बाईंनी मटण मुरवलं होतं. "एवढं नीट झालं तर तुला कायम ठेवू," साहेब म्हणाले होते. आणि मी सवयीनं पातेल्यात मूठभर मीठ आणि हळद टाकून बसले. चाखलं तर तोंडात धरवेना. रडूही येईना, हातपाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखी नुसती उभी राहिले. तेवढ्यात मावशी ताक घेऊन आल्या. "मिठातल्या मटणाला आन् वरनं मीठ? येडी का खुळी तू? वत ते पानी!" दोनदा पाणी बदलून त्यांनी ते पुन्हा शिजवलं, शेवटी बटाटे, गाजर, कोबी बिनमिठाचे सोडले. खारटपणा गेला, पिवळेपणा राहिला. बाईंच्या वडिलांनी रंगाचं विचारलं, तर मावशी दारातूनच म्हणाल्या, "आमच्यात पाव्हण्याला पिवळंच वाढत्यात!" बाईंनी ते इंग्रजीत सांगितल्यावर ते हसले आणि पुन्हा वाढून घेतलं. मी इतकी बधिर झाले होते की मला तेव्हाही काही वाटलं नाही. धारांना उशीर झाला म्हणून मावशी पाणीही न पिता निघून गेल्या. आज या ओट्यापाशी माझी जागा पक्की आहे. एक दिवस मावशींना, पाहुणे जेवले त्याच टेबलाशी बसवून, अजिबात उठू न देता, मी हे जेवण वाढणार आहे.