दोन सूर्यांखालचे पापड

पापड धड लाटता येत नाहीत, याचा मला आयुष्यात एकदाच फायदा झाला.

नव्वदच्या दशकात पंचवटीत आमच्या गल्लीतल्या बायका उन्हाळ्यात आळीपाळीने एकमेकींकडे पोळपाट-लाटणं घेऊन जायच्या. आमच्या गच्चीची पाळी आली तेव्हा माझा पहिलाच पापड बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "हा तळायचा की पायात घालायचा? तू आपली गोष्ट वाच बाई."

तोवर माझ्या सगळ्या विज्ञानकथा 'साभार परत' आल्या होत्या. नवी कथाही परत आली तर लिहिणंच सोडायचं, असं मी रागारागाने ठरवलं होतं. तीच वाचायला घेतली. त्यात एका ग्रहाला दोन सूर्य होते. एक मावळला की दुसरा उगवायचा, रात्र म्हणून नाहीच. यानाचा कप्तान, इंधन, किरणं, सगळं चोख. बायका मधूनच "वाळवणाला बरंय की" म्हणत होत्या. मनात म्हटलं, गाढवापुढे वाचली गीता.

आई सटाण्याकडची, घरात अहिराणीच बोलायची. पहाटे नळाला पाणी आलं की उठायची, ती रात्रीची भांडी आटपेपर्यंत तिची पाठ जमिनीला लागत नसे. तिने लाटणं थांबवून विचारलं, "रात नईच शे, मंग तठल्या बाया झोपतस कव्हय?"

सगळ्या हसल्या. आई हसली नाही; तिला खरंच उत्तर हवं होतं. मी एवढा मोठा ग्रह रचला आणि त्यावर दमलेलं माणूस एकही ठेवलं नव्हतं.

मी कथा नव्याने लिहिली. कप्तानाला घरी पाठवलं. आता तिथल्या बायका गोधड्यांना गोधड्या जोडून अख्ख्या गावावर पांघरतात आणि पहिली रात्र तयार करतात. ही कथा परत आली नाही, दिवाळी अंकात छापून आली. दोन हजारनंतर माझी पुस्तकंही निघाली. कल्पना कुठून सुचतात, असं कुणी विचारलं की मी आईकडे बोट दाखवते. लोकांना तो विनय वाटतो. विनयाशी माझा फारसा संबंध नाही. मी तिची ऋणी आहे, एवढंच.

अंक आला त्या दुपारी मी आईला कथा वाचून दाखवली. गावावर अंधार झाला, बायका आडव्या झाल्या, तिथवर ऐकून ती म्हणाली, "आते त्यास्ले उठाडू नको."

पुढे अजून एक पान होतं. मी अंक मिटला.