अंगणातला डोंगा

सुखदेवकाका शेवटी शेवटी स्वतःच्या मुलाला ओळखत नव्हते.

मला ओळखायचे. तेही चंपा म्हणून.

चंपा नावाची मुलगी कधी नव्हतीच. ती एका नाटकातली.

काल काका गेले. दरेकशाला, घरीच, जेवून पडले होते. उठलेच नाहीत.

काका रेल्वेत गँगमन होते. सगळं आयुष्य रुळाच्या कडेनं चालले. रिटायर झाल्यावर गावच्या नाटक मंडळानं त्यांना धरून आणलं. दाढी पांढरी, आवाज भारी. म्हणून गुरूचा रोल.

म्हातारा नावाडी आणि त्याच्याकडे डोंगा चालवायला शिकायला आलेली पोरगी, असं ते नाटक. पोरगी मी. कॉलेजात होते तेव्हा.

पहिल्याच प्रॅक्टिसला काका हळूच म्हणाले,
"पोरी, मी जिंदगीत डोंग्यात बसलो नाही वं."
"मीबी नाही, काका."
"मंग कोन कोनाले शिकवन?"

धान कापून झालं की शाळेच्या व्हरांड्यात प्रॅक्टिस चालायची. डोंगा प्लायवूडचा. तोही अर्धाच, लोकांकडची बाजू तेवढी रंगवलेली. त्यात बसून आम्ही बांबूनं हवा कापायचो.

गोष्टीतले गुरू कडक असतात. आधी पाणी भरायला लावतात, अंगण झाडायला लावतात, मग कुठं विद्या देतात.

आमचे गुरू डायलॉग विसरले की माझ्याकडे बघायचे. मी ओठांत पुटपुटायची, मग ते बोलायचे. लोकांना वाटायचं, काय विचार करून बोलतो म्हातारा!

पुढं मंडळ मोडलं. माझं लग्न झालं, आमगावला आले, नोकरी लागली. डोंगा काकांच्या अंगणात पडून राहिला. कोंबड्या बसायच्या त्यात.

मग एक दिवस वहिनीचा, म्हणजे काकांच्या सुनेचा फोन आला.

"बाबा कोनालेच ओळखत नाही आता. चंपा कुठं गेली, चंपा कुठं गेली, इतकंच. तू येतं का एकदा?"

रविवारी पॅसेंजरनं गेले. काका अंगणात डोंग्यातच बसलेले. मागं डोंगर निळे निळे. दुपार अशी की पान हलत नव्हतं.

मला बघून चिडले.
"उशीर काऊन केला वं? पाणी उतरून राहिलं तिकडं."

मी विलासदादाकडे बघितलं. काकांचा मुलगा. त्यानं नुसती मान हलवली. मी चप्पल काढली आणि बसले डोंग्यात.

त्यानंतर जमेल त्या रविवारी जायची.

आणि काका खरंच शिकवायचे. नाटकातलं नाही हां. नाटकात तसलं काही नव्हतंच.

वारा पडला की पाणी कसं जड होतं. वाळू वर आली की पाण्याचा रंग कसा पिकतो. समोरचा काठ दिसेना झाला तर घाबरायचं नाही, हात थांबवायचे आणि ऐकायचं.

मी ऐकायची. थोड्या वेळानं मला अंगण दिसायचं बंद व्हायचं. शपथेवर सांगते, गार वाटायचं पायांना.

रुळांवर आयुष्य काढलेल्या माणसाकडे एवढं पाणी कुठून आलं, मला माहीत नाही.

विलासदादा दारात उभा राहून बघायचा. राइस मिलमध्ये धानाची पोती उचलून आलेला असायचा. काकांची आंघोळ, कपडे, जेवण, सगळं तोच करायचा.

एकदा काका त्याच्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "भला माणूस आहे. कोनाचा होय?"

मला स्टेशनवर सोडायला आला तेव्हा दादा म्हणाला,
"मी रोज जेवू घालतो. मले भाऊ म्हणते तो. तुले पोरगी म्हणते."

गाडी आली, मी चढले. आमगावपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढच्या वेळी गेले आणि काकांना म्हटलं,
"गुरुजी, नवा चेला आणला."

दादा दचकला. मी त्याचा हात धरून त्याला पुढं केलं.

काकांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "हात दाखव."

दादानं दोन्ही तळवे पुढं केले. काका घट्ट्यांवरून अंगठा फिरवत राहिले. कितीतरी वेळ.

"काम कोन शिकवलं तुले?"
"माह्या बापानं."
"चांगला माणूस असन." काका सरकले. "बस."

तिघं मावेनात. मी उतरायला लागले तर काका ओरडले, "अवं, बुडशीन ना!"

दादा हसायला लागला. हसता हसता त्याचा चेहरा भलताच झाला. त्यानं बांबू उचलला आणि खाली मान घालून वल्हवायला लागला.

त्या दिवसापासून माझी गरज कमी झाली. वहिनी फोनवर सांगायची, संध्याकाळी दादा मिलमधून आला की दोघं डोंग्यात बसतात. चेल्याशिवाय घास उतरत नाही बाबांना. चुकलं तर रागावतात, शाबासकीपण देतात.

काल सगळं आटोपल्यावर आम्ही घरामागं उभे होतो. लोक पांगले होते. दादा म्हणाला,

"मागच्या आठवड्यात त्यानं मले नाव विचारलं. इतके दिवस नुसतं चेला म्हने."

"मग?"

"सांगितलं, विलास. दोन-तीनदा म्हणून पाह्यलं त्यानं. मंग म्हणते, चांगलं नाव आहे. मले पोरगा झाला तर हेच ठेवीन."

काका, शेवटचा नमस्कार. सावकाश जा.