रडतंय कोण

आमच्या शाळेच्या फाटकावरच्या बाईंना पालक आपसांत ‘कुलूप’ म्हणायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. दरवर्षी पहिल्या दिवशी आईच्या गळ्यात पडलेलं पोर सोडवायचं काम त्यांचं. आधी करंगळी उलगडायची, मग बाकीची बोटं आपसूक सुटतात म्हणायच्या. पोर आत, आई बाहेर, कडी लावली. वर आईला ठरलेलं ऐकवायचं, तुम्ही दिसताय म्हणून ते रडतंय, घरी जा. सोळा वर्षं मी, शाळेचा कारकून, ऑफिसच्या खिडकीतून हे बघत आलो. बाईंना काळीज नाही असं माझं मत होतं, आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

यंदा त्यांचीच मुलगी पाच वर्षांची झाली. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली. घरात तिला शेपूट म्हणत, कारण आई आंघोळीला गेली तरी ही दाराबाहेर बसून राहायची. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. बाई कामावर असताना ती आजीपाशी असायची, पण आजीला आता नीट चालवतही नव्हतं. प्रवेशाचा अर्ज भरताना बाई जन्मदाखला तीनदा घरी विसरल्या. मी खवचटपणे म्हटलंसुद्धा, की शाळेची घंटा एक मिनिट न चुकवणाऱ्या बाईला एक कागद सापडू नये? त्या म्हणाल्या, ही शिकावी, माझ्यासारखं फाटक धरून बसायची वेळ तिच्यावर येऊ नये असं फार वाटतं. पण अजून एक वर्ष घरी राहिली तर काय बिघडेल, असंही वाटतं. मुदतीचा शेवटचा दिवस होता. मी म्हटलं, सही करा.

मुख्याध्यापिकांनी अट घातली. पूर्वी एका शिक्षिकेचा मुलगा सारखा उठून आईच्या वर्गात जायचा, तो ताप त्यांना पुन्हा नको होता. मुलगी फाटकाकडे धावली किंवा बाई वर्गाकडे फिरकल्या, तर त्याच दिवशी नाव कमी. दुसऱ्या शाळेत दोन बस बदलून जावं लागायचं, आणि तिथे पोहोचवायला घरात माणूस नव्हतं. म्हणजे शाळाच बुडाली.

पहिल्या दिवशी बाईंनी शेपटाला शिक्षिकेच्या हवाली केलं आणि लगेच पाठ फिरवली. मग फाटकावर गर्दी झाली. निळ्या स्वेटरमधला एक मुलगा आईला सोडेना, त्यालाही त्यांनी नेहमीसारखं आत पाठवलं.

साडेआठला बालवर्गातून रडणं सुरू झालं. एकच आवाज, ‘आई, आई’ करत उंच चढत जाणारा. निळ्या स्वेटरवाल्याची आई अजून फाटकाबाहेरच होती.

“माझाच ना हो?” तिनं विचारलं.

“नाही, ती माझी,” बाई म्हणाल्या. “माझ्या लेकीचा आवाज मला कळत नाही होय? तुम्ही जा घरी.”

ती गेली नाही. बाई फाटकाचा गज धरून उभ्या राहिल्या. दहा मिनिटं, वीस मिनिटं. रडणं थांबेना. मला एकही बेरीज जमेना, आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच मला त्यांची दया आली. अर्धा तास होऊन गेल्यावर त्यांनी गज सोडला आणि सरळ बालवर्गाकडे निघाल्या.

मुख्याध्यापिकांची केबिन माझ्या शेजारी, आणि तिच्या उघड्या दारातून सगळा व्हरांडा दिसतो. मी उठलो, आवाज फार येतोय असं पुटपुटत ते दार ओढून घेतलं आणि बाईंच्या मागे गेलो. हे उघडकीला आलं असतं तर मलाही भोवलं असतं. नोकरी माझीही होती.

बाई वर्गाच्या खिडकीशी थांबल्या होत्या. आत शिक्षिकेच्या मांडीवर तो निळा स्वेटर हुंदके देत होता. शेपूट खिडकीकडे पाठ करून खाली बसली होती. शेजारच्या मुलीबरोबर लाकडी ठोकळे रचत होती. ठोकळे पडले तशी दोघी खिदळल्या, पुन्हा रचू लागल्या.

मला वाटलं, बाई सुटकेचा श्वास सोडतील. त्यांनी खिडकीवर टकटक करायला हात उचलला. मुलीनं फक्त मान वळवली असती तरी ती आईकडे धावली असती, आणि सगळं तिथेच संपलं असतं. ते बाईंना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. हात तसाच वर राहिला.

“बाई,” मी हळूच म्हटलं, “चला.”

बऱ्याच वेळानं त्यांनी हात खाली घेतला.

फाटकाशी ती दुसरी आई वाट बघत होती. तुमची शांत झाली का, असं तिनं आपुलकीनं विचारलं.

“माझी रडतच नव्हती,” बाई म्हणाल्या. “तुमचा रडतोय. मला वाटलं माझीच.”

आता त्या तिला घरी जा म्हणणार म्हणून मी ऐकत होतो. त्यांनी कडी काढली, आपलं स्टूल फाटकाच्या आत ओढलं आणि तिला बसवलं. स्वतः जमिनीवर बसल्या. आतून मुलाचं रडणं येतच होतं, आणि ते ऐकता ऐकता बाईंचे डोळे भरून आले.

“नशीबवान आहात हो तुम्ही,” त्या म्हणाल्या.