खैरूनभाभीनं इसरलेली क्याशेट

खैरूनभाभी गेली त्या सकाळी तिच्या खाटेपाशी आमी चौघं हुतो. तिचा ल्योक यासिन, सून रुबीना, माजी ल्येक सुमन, आन मी, हौसाबाई. सुमन नेवाशाहून आदल्या दिशीच आल्ती, भाभीला एकदा डोळ्यांनी बगावं म्हनून. यासिन चमच्यानं तोंडात पानी घालत हुता, रुबीना उशाशी बसून कुरान वाचत हुती, आन मी पाय चेपत हुते. भाभीनं डोळं उगडलं, माज्याकडं बगितलं आन म्हनली, "हौसे, च्या घेतला का?" मी म्हनलं, "घेते की. तू आदी घे." बास, येवढंच. मग तिचा पाय माज्या हातात गार पडत गेला... दुपारी मानसं तिला घेऊन गेली. त्यांच्यात बाया कबरस्तानात जात न्हाईत, तवा रुबीना, सुमन आन मी दारातच हुभ्या ऱ्हायलो. ती उनाळ्यात गेली, आता पाऊसकाळ सरत आला. माजी नात म्हनली, आजी, तू बोल, मी लिवते, पेपरात देऊ. मी शाळा चौथीपत्तुर शिकले, ती बी धड न्हाई. म्हनून तिला सांगितलंय, जसं बोलते तसंच लिव, सुदारू नको.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. पानी कमी आन दगूड जास्ती. भाभीच्या घरचा धंदा बांगड्या भरायचा, मनेर त्ये. गावात कुनाचं बी लगीन ठरलं की पयली खबर तिला. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती मांडवाच्या आदी दारात हजर. माजं लगीन नवऱ्याच्या दारात झालं, तवा माजा हिरवा चुडा तिनंच भरला. माजा हात कडक, बांगडी काय जाईना. तेल चोळत म्हनती कशी, "हात हाय का खुरप्याचा दांडा? आईनं पाटावर कमी आन रानातच जास्ती बसिवली वाटतं." मी रडत हुते, ती रडता रडता हसले. मग हळूच म्हनली, "मी बी परक्या गावचीच हाय. दुपारची येत जा घराकडं." तवापासून मी जात ऱ्हायले. तिच्या घरात गेलं की सगळीकडं बांगड्यांचं तोडं टांगलेलं, आन मदी बसायला येवढीशी जागा. त्या जागंवर माजं आर्दं आयुष्य गेलं आसंल.

मला आईकडनं हळदीची गानी आलेली. लग्नाआदी जात्यावर घाना भरायचा आसला, हळद लागायची आसली की मला बोलावनं ठरलेलं. माजा आवाज वेशीबाहेरच्या मळ्यात ऐकू जायचा म्हनायचे लोक. आता घोगरा झाला. आमच्या गान्यात एक रीत हाय. गानारनीनं इचारायचं आन मांडवातल्या बायांनी नाव घ्यायचं. म्हंजे मी म्हनायचे,

पिवळी गं हळद, लागली दारच्या जाईला
इचारा गं कुनी, नाव नवरीच्या आईला

की समद्या बाया मिळून नवरीच्या आईचं नाव घेनार. मग मामाचं इचारायचं, मग मावशीचं, मग आत्याचं. ज्याचं नाव येतं त्याचं तोंड फुलतं. लगीन म्हंजे दुसरं काय हाय?

माजा नवरा इहिरीच्या कामावर जायचा. एक दिस दरड आली आन खाली दोघं गेले, त्यात ह्ये एक. सुमन रांगत हुती, धाकटा पोटात. जे बायांचं करत्यात ते समदं माजं केलं. बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. भाभी त्या दिसांत आली न्हाई. लोक म्हनले, बगा, मैतरीन म्हनं. मग एका दुपारी आली, माज्याजवळ बसली, माजा मोकळा हात आपल्या मांडीवर घिऊन. म्हनली, "मी भरलेल्या बांगड्या फुटताना मला ऐकवनार न्हवतं, म्हनून न्हाई आले."

मग रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडली, लोकांच्या रानात खुरपलं, पोरं वाढिवली. उपाशी ऱ्हायले त्याचं मला काय वाटत न्हाई, त्या काळात समदेच कदीमदी उपाशी ऱ्हायचे. पन मांडव पारखा झाला त्याचं लागायचं. उघड्या कपाळाची बाई हळदीला चालत न्हाई. शेजारच्या घरी घाना भरत हुते आन मी भिंतीच्या हिकडं भाकरी थापत हुते. गानं म्हननारी आर्द्यात आडली. पुडचं मला येत हुतं... ओठापत्तुर आलं, आन मी भाकरी उलटली. ती करपली. भाभीला हे सांगितलं तवा ती नुसती बांगड्या पुसत ऱ्हायली.

तिच्या भावानं सौदीहून तिला टेप आनला हुता, काळा, लाल बटनाचा. त्यावर ती कव्वाल्या ऐकायची. नगरला बांगड्यांचा माल आनायला गेली आन येताना एक क्याशेट घिऊन आली. पिशवीतनं काडून माज्या हातात दिली. मी म्हनलं, "कुनाची गानी हैत?" तर म्हनली, "कुनाचीच न्हाईत. कोरी हाय. तू भरशील ती तिच्यात ऱ्हातील." मला आदी कळंनाच. मग कळलं तशी मी म्हनलं, "आन कोन ऐकनार?" ती म्हनली, "मी समद्या मांडवात जाते का न्हाई? मला कोन आडवितं का? मग माज्या टोपलीला कोन आडवनार?"

बांगड्या वाजू न्हाईत म्हनून तिनं समद्या तोड्यांवर गोधड्या टाकल्या. दार लावलं, यासिनला चुलत्याकडं धाडलं. मी लाजले, मग घसा खाकरला, मग एकदा सुटले ती दुपार सरंस्तवर गायले. माज्या डोळ्यांतनं पानी, तिच्या डोळ्यांतनं पानी. मग तिनं टेप लावला... नुसती खरखर. लाल बटन दाबलं हुतं पन त्याच्या शेजारचं दाबायचं ऱ्हायलं, चाकं फिरलीच न्हाईत, आन दोघींपैकी एकीनं बी तिकडं बगितलं न्हाई. भाभीनं कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला, समदं गानं गोधडीनंच ऐकलं!" आमी दोघी इतक्या हसलो की पोट दुखाय लागलं. नवरा गेल्यावर मी पयल्यांदा हसले ती तवा.

दुसऱ्या दिशी परत बसलो. आता आडचन नावाची. ज्याच्या घरी लगीन त्याची नावं, ती मला कुटनं कळनार? भाभी म्हनली, "नाव आलं की तितं गप बस. बाया घालतील." म्हनून मी जाईचं गानं म्हनायचे, 'नाव नवरीच्या आईला' म्हनून झालं की तोंड मिटायचे, मनात एक नाव घ्यायचे, आन मग पुडं जायचे. तेवढी जागा क्याशेटीत कोरीच ऱ्हायली. जितं जाईल तितल्या बाया ती भरायच्या.

आन भरल्या की वो! भाभी टोपलीत बांगड्यांवर टेप ठिवून गावोगाव जायची. चुडा भरून झाला की म्हनायची, "थांबा गं, गानारीन आनलीय." बाया टेपाशी बोलायच्या. एक म्हातारी टेपला म्हनली म्हनं, "बाई, दमानं घे, आमचा मामा आजून यायचाय." भाभी येऊन मला समदं हातवारं करून सांगायची. कुटं काय जेवान हुतं, कुनाची आत्या रुसली, कुनी माजा आवाज ऐकून डोळं पुसलं. मी खडी फोडून आलेली आसायचे, हाताला फोड आसायचे. ती बोलत ऱ्हायची आन मी मांडवात फिरून यायचे.

आमच्याच गावात आवाज वळखला ती माज्या चुलतसासूनं, गयाबाईनं. एका लग्नात टेप सुरू झाला तशी ती ताडकन उठली. "हा हौसीचा आवाज हाय. मांडवात नको. बंद कर मनेरनी."

भाभी बांगड्या भरत हुती, तिनं वर सुदिक बगितलं न्हाई. "गयाक्का, टेपला काय नवरा आसतोय का, मेला म्हनून त्यानं गप बसावं?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गयाबाई बसली, पन तिनं मनात ठिवलं.

वरसं गेली. सुमनचं ठरलं. नेवाशाचं स्थळ, मानसं चांगली. ह्या लग्नाला बाप न्हाई आन आई हाय ती चुलीपाशी, हे मला ठावं हुतं, मी काय मागितलं न्हवतं. फकस्त येवढं मनात हुतं की माज्या लेकीच्या हळदीला माजं गानं वाजावं. भाभीला मी म्हनलं, "त्या दिशी टेप आटवनीनं आन." ती म्हनली, "व्हय व्हय."

हळदीचा दिस. नवरदेवाकडची उष्टी हळद घिऊन नेवाशाच्या बाया मांडवात बसलेल्या. सुमन पाटावर. मी मागल्या दारी भाताच्या पातेल्यापाशी. मी कान लावून बसले... काय ऐकूच येईना. मग गयाबाईचा आवाज आला, आता तिला बी टेपबिगर चालत न्हवतं, "मनेरनी, लाव की तुजा टेप."

भाभी म्हनली, "टेप आनलाय गयाक्का. पन क्याशेट घरी इसरले."

"मग आन जा."

"यासिन कुलूप लावून चावी घिऊन गेला की नगरला."

बायांना तवर टेपची सवय लागलेली, नावं तेवढी घ्यायची, गानं कुनी पाठ करंना. एकीनं सुरू केलं, दोन ओळींत आडलं. दुसरीनं भलतंच, बारशाचं म्हनलं. नेवाशाची एक म्हातारी मोठ्यानं म्हनली, "ह्यांच्यात मुक्यानंच हळद लावत्यात का?" आता घराची अब्रू गेली तर गयाबाईची जाती, कारन त्या घरात मोठी तीच. मग मला ऐकू आलं, "हौसीला बोलवा. पन खांबापाशीच हुभी ऱ्हा म्हनावं."

मी हात बी धुतला न्हाई. पदराला पुसला आन खांबापाशी हुभी ऱ्हायले. लेकीनं मान वर केली. मी तिच्याकडं बगितलं न्हाई, बगितलं आसतं तर गाता आलं नसतं. गायले. जात्याचं, हळकुंडाचं, मामाचं गायले. मग जाईचं आलं. 'इचारा गं कुनी, नाव नवरीच्या आईला' म्हनले, आन इतकी वरसं टेपमंदी गप बसायची सवय, तशी मी गप बसले.

कुनी नाव घेईना. हळदीच्या गान्यात माज्यासारकीचं नाव कसं घ्यायचं? बाया एकमेकींच्या तोंडाकडं बगत हुत्या. आता मागं फिरावं, भात बगावा, आसं वाटलं...

तवर गयाबाई कातावली. "घ्या की गं नाव! तोंडं शिवलीत का तुमची? हौसाबाई! हौसाबाई म्हना!"

समदा मांडव म्हनला. नेवाशाच्या बाया बी म्हनल्या, त्यांना काय ठावं कोन हौसाबाई ती. भाभी कोपऱ्यात बांगड्या घिऊन बसल्ती. तिला सूर म्हंजे काय ते ठावं न्हवतं, ती नुसती वरडली. त्या दिशी मी सुमनला हळद लावली का? न्हाई. ते काय झालं न्हाई, खोटं कशाला सांगू. पन नाव घेतलं.

दुसऱ्या दिशी मी भाभीला म्हनलं, "तू आन क्याशेट इसरतीस?" तिनं टोपलीतल्या बांगड्या बाजूला केल्या. खाली क्याशेट हुती. म्हनली, "दुसऱ्यांच्या लेकींना टेप चालतो. आपल्या लेकीला कशाला?"

त्याच्या नंतर लोकं मला बोलवाय लागले. समदे न्हाई, पन लई जन. खांबापासनं हळूहळू मी जात्यापत्तुर गेले. गयाबाई तर मरंस्तवर सांगत हुती की हौसीला मीच पुडं आनली. भाभी ऐकायची आन म्हनायची, "व्हय गयाक्का, तुमीच. दुसरं कोन?"

आता डीजे आला. रुबीनानं परवा भाभीच्या पेटीतनं ती क्याशेट काडून मला दिली. नातीनं केडगावात टेप दुरुस्त करनारा एक मानूस हुडकला, त्याच्या दुकानात स्टुलावर बसून मी ऐकली. माजा आवाज ऐकून मला काय वाटलं न्हाई. पन गानं सपलं की, बटन दाबायच्या आदी, तितं भाभी आपली हळूच म्हनती, "पानी पी." दुसरं गानं सपलं की परत, "पानी पी." तवा मला ते ऐकू बी आलं नसंल. दुकानदारानं इचारलं, आजी, मोबाईलमंदी घालून देऊ का? मी म्हनलं, दे, पन ते पानी पी कापू नको.

माजं काय वाईट झालं आसं मी म्हनत न्हाई. दरड आली ती आली. मला भाभी मिळाली, हे काय कमी हाय? तुमी वाचताय, तर तुमाला एक इनंती करते. तुमच्या घरी लगीन निगालं, हळद बसली, की एकदा मागल्या दारी जाऊन बगा. तितं पातेल्यापाशी कुनी बाई बसली आसंल. तिला नावानं हाक मारा आन पुडं आना.