रिकाम्या गाडीचा आकडा

दसऱ्यासाठीचा झेंडू भरून निघालो, तेव्हा माझ्या इलेक्ट्रिक पिकअपच्या पडद्यावर, गाडी अजून किती पळेल त्याचा आकडा, शंभर किलोमीटर दिसत होता. पहिला हार मी गाडीलाच घातला होता. घाट चढताना मध्यावरच आकडा नऊवर आला. बाजार अजून तीस किलोमीटर लांब होता. गाडी विकणाऱ्याला फोन लावला.

"काका, तो आकडा रिकाम्या गाडीचा असतो."

"अरे बाबा, मालाची गाडी रिकामी कोण पळवतो?"

त्यानं हसून फोन ठेवला.

माणसं शब्द देतात तोही ओझं अंगावर पडायच्या आधी. ते मी धरूनच चालतो. आकड्यावर मात्र कधी शंका घेतली नव्हती.

फुलं दुसऱ्याच्या टेम्पोत चढवून परत फिरलो. रिकामी गाडी उताराला लागली आणि पडद्यावरचा आकडा पुन्हा वाढू लागला.