खैरनारभाऊंचा कान

मोटारीच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हर लावून तिची तब्येत विचारणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो नाशिकच्या अंबडला. विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात मी नवा इंजिनिअर म्हणून लागलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. टेस्टिंगच्या टेबलावर एक मोटार फिरत होती. खाकी शर्टातला, पन्नाशी ओलांडलेला एक उंच गृहस्थ हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवून, मूठ कानाला लावून, डोळे मिटून उभा होता. मी मीटरकडे पाहिलं. सगळे आकडे जागच्या जागी होते.

"पास ना?" मी विचारलं.

"मीटर म्हणतो पास," डोळे न उघडता ते म्हणाले. "पण हिच्या पोटात दुखतंय, साहेब."

मोटार खोलली. आतल्या बेअरिंगच्या एका गोळीला नखाएवढा टवका होता. त्या दिवसापासून दत्तात्रय खैरनार माझ्यासाठी खैरनारभाऊ झाले.

ते मूळचे सटाण्याकडचे. नोकरी लागण्याआधी गावच्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही डबा खाताना. मला एकदम उत्साह आला, कारण माझं एक गुपित होतं. नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, कपाट आणि पलंग यांच्यामधल्या फटीत मी कॉम्प्युटर बसवला होता आणि त्यावर संगीत तयार करायचा प्रयत्न करत होतो. त्या काळात कॉम्प्युटरवर वाजणारी वाद्यं नवीनच मिळायला लागली होती. एक छोटा कीबोर्ड जोडायचा, पडद्यावर बासरी निवडायची की बासरी, व्हायोलिन निवडायचं की व्हायोलिन. मित्रांकडून सीड्या आणायचो, सायबर कॅफेत बसून डेमो उतरवून घ्यायचो. माझ्याकडे चारशेच्या वर वाद्यं जमली होती आणि पुरं झालेलं गाणं एकही नव्हतं. माझी बायको वैशाली म्हणायची, "भांड्यांचं दुकान काढलंय यांनी, स्वयंपाक कधी होणार देव जाणे."

सुट्टीच्या दिवशी खैरनारभाऊ आमच्याकडे आले. कारखान्यात ते मला "साहेब" आणि "तुम्ही" म्हणायचे. घरी पहिला चहा संपेपर्यंत तेही गेलं. मी सर्वांत महागड्या संचातली बासरी लावली आणि अभिमानानं एक लांब सूर धरून ठेवला. भाऊ ऐकत राहिले. सूर चालूच राहिला.

"अरे सोड त्याला!" ते ओरडले. "मरंल ना तो!"

"कोण?"

"वाजवणारा. इतका वेळ कुणी फुंकतं का? श्वास कुठं घेतो हा?"

मग व्हायोलिनं ऐकवली. चाळीस वादकांचा ताफा एकदम वाजवल्यासारखा आवाज. भाऊंनी कपाळाला आठ्या घातल्या. "चाळीस जणं हायेत, अन् एकाचाही हात मागंपुढं होत नाय. लग्नाला आलेत का कवायतीला?" त्यांना आवडला तो कुठल्याशा फुकट सीडीवरचा एक जुनाट पियानो. त्याचे खालचे सूर जरा घोगरे होते. ते म्हणाले, "हा बरा हाय. ह्याचं वय कळतं."

क्लॅरिनेटची पाळी आली तेव्हा ते उठले. पिशवीतून स्वतःचं वाद्य काढलं, जोडलं, आणि खालच्या सुरांकडून वर चढत गेले. मधे एका जागी आवाज पातळ झाला, किंचित डगमगला आणि मग पलीकडे जाऊन पुन्हा भरला. त्यांनी तीच जागा तीनदा वाजवून दाखवली.

"इथं क्लॅरिनेटवाला अडखळतो. बोटं बदलावी लागतात. वीस वर्षं वाजवून बी थोडा अडखळतोच. तुझा कॉम्प्युटर इथून असा गेला जसा रस्त्यात खड्डाच नाय. त्यानं हा रस्ता कधी पाहिलाच नाय."

"मग कोणता क्लॅरिनेट घेऊ?" मी विचारलं.

"आधी मला सांग, वाजवायचं काय हाय? नवरदेव ठरला नाय, अन् तू घोडे बघत फिरून राहिला."

हा त्यांचा मुख्य प्रश्न. वाद्य ऐकवलं की ते आधी विचारायचे, "कशासाठी?" उत्तर देता आलं नाही की वाद्य पुसायचं. दोन-तीन महिन्यांत माझ्या चारशेंची अकरा वाद्यं उरली. एकेक पुसताना माझा जीव खालीवर व्हायचा आणि वैशाली दारात उभी राहून हसायची. गंमत म्हणजे अकरा उरल्यावर मला चाली सुचायला लागल्या.

काम मिळालं तेही भाऊंच्या घरातूनच. त्यांची मुलगी मनीषा पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका होती. पहिलीतली मुलं घरी डोंगराकडच्या आदिवासींची कोकणी बोलणारी. शाळेतल्या पुस्तकाची भाषा त्यांना परकी वाटायची, म्हणून ती गप्प बसून राहायची. मनीषानं मुलांच्या आयांकडून शब्द गोळा करून आकड्यांची, पाखरांची, भातलावणीची सहा गाणी रचली होती. तिला त्यांची कॅसेट हवी होती. "काका, मुलं एकदा गायला लागली की बोलायला पण लागतील," ती मला म्हणाली. सुट्टीत दोन मुलींना घेऊन ती आमच्याकडे आली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून पलंगाभोवती गोधड्या टांगून आम्ही त्यांचे आवाज रेकॉर्ड केले, आणि मी आणि भाऊ साथीला बसलो.

तिसऱ्या गाण्यात झांज हवी होती. मी आमच्या अकरांतली झांज लावली. भाऊ म्हणाले, "वाढव." मी वाढवली. "अजून वाढव. लाजते काय ती?" मी अजून वाढवली. माझे कान झणझणायला लागले, पण वाद्यांच्या बाबतीत शब्द त्यांचा होता. तेवढ्यात वैशाली स्वयंपाकघरातून कणकेचे हात घेऊन धावत आली.

"अहो, ती झांज बंद करा आधी! डोकं फुटायची वेळ आली."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोठे शे झांज?" घाईगडबडीत त्यांच्या तोंडून गावची अहिराणीच यायची.

मी गाणं थांबवलं. कॉम्प्युटरवर एक साधा सूर काढता येत असे, हळूहळू वर चढत बारीक बारीक होत जाणारा. मी म्हटलं, "भाऊ, ऐकू येईल तोवर बोट वर ठेवा." त्यांनी बोट वर केलं. वैशालीनंही केलं, कणकेचं. सूर चढत गेला. शिट्टीएवढाही बारीक झाला नव्हता, तोच भाऊंचं बोट खाली आलं. वैशालीचं बराच वेळ वरच होतं. भाऊ त्या बोटाकडे बघत बसले.

टेस्टिंगचं टेबल प्रेस शॉपला लागून होतं. पत्रे कापणारी, ठोकणारी मशीनं दिवसभर दणादणा चालायची, आणि भाऊ तिथं बावीस वर्षं उभे होते.

"मग मोटारी?" ते म्हणाले. "मी मोटारी कशा पास करून राहिलो?"

मी त्यांची समजूत घातली. कॉम्प्युटरचे साधे स्पीकर म्हणजे काही डॉक्टर नाही. दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरकडे गेले. तिथंही तेच निघालं. बारीक आवाज दोन्ही कानांतून गेले होते आणि परत येणार नव्हते. संध्याकाळी कारखान्याच्या गेटबाहेर मी त्यांना जे म्हणालो ते आजही मला सलतं.

"भाऊ, चार वर्षं राहिलीत रिटायरमेंटला. मीटर आहेच की. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "जाड दुखणं अजून ऐकू येतं मला. बारीक दुखणं सुटून जात असंल. विहिरीवर बसवतील लोक ती मोटार."

सकाळी ते स्वतः मॅनेजरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझा कान गेला. माझी सही बंद करा." गोडाऊनमध्ये पडलेल्या सगळ्या मोटारी पुन्हा तपासायला लावल्या. दुसऱ्या शिफ्टचे जाधव स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकायचे आणि भाऊ शेजारी उभे राहून ते सांगतील त्या मोटारीला लाल चिठ्ठी बांधायचे. तशा चार निघाल्या. चारही भाऊंनीच पास केलेल्या होत्या. चौथी चिठ्ठी बांधताना त्यांना गाठ जमेना, ती जाधवांनी मारली. पुढच्या आठवड्यात भाऊंची बदली स्टोअरमध्ये झाली. नट-बोल्टांच्या फळ्यांमध्ये त्यांना स्टूलवर बसलेलं पाहिलं की मला दुसऱ्या वाटेनं जावंसं वाटायचं.

आमच्याकडे येणंही त्यांनी बंद केलं. महिनाभरानं मीच त्यांच्या घरी गेलो. गाणी तीनच झाली होती.

"आता माझ्याकडून काय निवडून घेतो?" ते म्हणाले. "दुसरा बघ कुणी."

त्यांच्या पत्नी हिराबाई कांदे चिरत बसल्या होत्या. त्यांनी विळीवरून मान वर केली. "महिना झाला, घरात नुसते फिरून राहिले. भाऊजी, घेऊन जा यांना. ऐकू येत नाय तर नाय, अक्कल तर शाबूत हाय ना?"

भाऊ हसले. कितीतरी दिवसांनी हसले असावेत. आमच्याकडे आल्यावर त्यांनी नवी व्यवस्था लावली. खालची वाद्यं ते ठरवणार, वरची वैशाली. "वैशालीताई, तुम्ही माझे वरचे कान," ते म्हणायचे, आणि तिला लहान मुलाला शिकवावं तसं शिकवायचे. झांज वाजली की सांगायचं नाही, विझली की सांगायचं. वैशाली, जिला संगीतात काडीचा रस नव्हता, डोळे मिटून बोटं वर करून बसायला लागली. क्लॅरिनेट मात्र कॉम्प्युटरचा नव्हता. तो भाऊंनी स्वतः वाजवला.

त्याच सुमारास त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. "तो तुझा बोटाचा खेळ कारखान्यात करू." मी कॉम्प्युटर रिक्षात घालून कॅन्टीनमध्ये नेला. सुरुवातीला प्रेस शॉपची पोरं टिंगल करत बसली. पण त्यांच्यातल्या पंचविशीतल्या गड्यांची बोटं बाकीच्या विभागांतल्या चाळिशीतल्या माणसांच्या आधी खाली यायला लागली, तसं कॅन्टीन गप्प होत गेलं. गर्दी बघून मॅनेजर आले. भाऊंनी त्यांनाही खुर्चीत बसवलं. "बोट वर करा, साहेब." साहेबांचं ऑफिस प्रेस शॉपच्या बरोबर वर होतं. त्यांचं बोट खाली आलं तेव्हा बाकीच्यांची निम्मी बोटं वरच होती. पंधरा दिवसांत सगळ्यांसाठी कानात घालायचे बोळे आले, आणि ते वापरले नाहीत तर खैरनारभाऊ स्टोअरमधून उठून येऊन शिव्या घालायचे.

कॅसेट पुरी झाली. आम्ही सगळे पेठला गेलो. शाळेच्या पडवीत मुलं दाटीवाटीनं बसली होती. पहिलं गाणं लागलं, आणि आपल्या घरातले शब्द त्या काळ्या डब्यातून येताहेत म्हटल्यावर ती एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. दुसऱ्या गाण्याला कुठूनतरी मागून एक आवाज आला. पाचव्यापर्यंत सगळी पडवी गात होती. मनीषा खांबाला टेकून रडत होती आणि हसत होती. भाऊ मुलांच्या मधोमध मांडी घालून बसले होते, दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून.

रिटायर झाल्यावर ते आणि हिराबाई गावी गेले. आमचं बोलणं फोनवर व्हायचं, आणि तेही अजब. कानात यंत्र बसवलं होतं, पण त्यानं फोनवरचं त्यांना नीट कळायचं नाही. मग हिराबाई फोन धरायच्या. मी एक वाक्य बोलायचं, त्यांनी ते मोठ्यानं भाऊंना सांगायचं, मागून भाऊंचं उत्तर ऐकू यायचं, आणि मग मी पुढचं वाक्य बोलायचं. अशा हप्त्यांनी आम्ही तास तासभर गप्पा मारल्या. मी नवी चाल केली की फोनवर तिचं वर्णन करायचो आणि ते पलीकडून विचारायचे, "कशासाठी?"

ते गेल्याचं मनीषानं कळवलं तेव्हा आम्ही जाऊन आलो. त्यानंतर महिन्याभरानं एका सकाळी हिराबाईंचाच फोन आला. प्रकृती, पाऊस, कांदा असं बोलून झालं. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, नवीन काही केलं का? सांगा ना."

शेजारच्या बालवाडीसाठी मी एक गाणं करत होतो. मी म्हटलं, "वहिनी, या वेळी फक्त चारच वाद्यं घेतलीत," आणि त्या आत भाऊंना सांगतील म्हणून सवयीनं थांबलो. पलीकडून काहीच आलं नाही. वहिनीही फोन तोंडापासून दूर धरून, मान मागे वळवून थांबल्या असाव्यात. थोड्या वेळानं त्यांचा आवाज परत आला.

"हं," त्या म्हणाल्या. "बोला पुढं."