माझी फिल्म कुणी फोडली

सेनगावहून गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्ये मी मधल्या सीटवर चौथा बसलो होतो. शेजारचा माणूस मोबाइलवर काहीतरी बघत होता, आवाज मोठा करून. जीपमध्ये हल्ली प्रत्येकाचा मोबाइल वेगळं गाणं म्हणतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग त्यातून एका बाईचा आवाज आला, "माझ्या पोरीचं वय पंधरा हाय. म्या हे लगीन करनार न्हाई."  तो आवाज मी एडिटिंग करताना इतक्या वेळा ऐकला होता, की ती बाई कुठं श्वास घेते तेही मला पाठ होतं. फिल्म माझी होती. आणि ती या जिल्ह्यात कुणाच्याही मोबाइलमध्ये असायला नको होती.

मी त्या माणसाला विचारलं, "हे कुठून आलं हो?"

त्यानं मोबाइल छातीशी धरला. "काहून? तुमी कोन?"

"काही नाही, सहज विचारलं."

"मग सहजच आलं," तो म्हणाला आणि खिडकीकडे सरकून त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.

त्याच्या खांद्यावरून मी ते शेवटपर्यंत बघून घेतलं. फिल्म कापलेली होती. सुरुवातीची माझ्या नावाची पाटी नाही, माझं निवेदन नाही, शेवट नाही. अठ्ठावीस मिनिटांची फिल्म चार-पाच मिनिटांत आटपली होती. मनात पाल चुकचुकली ती तिथंच. हे चुकून बाहेर आलेलं नाही, कुणीतरी बसून, हवं तेवढंच ठेवून, त्या बाईला बदनाम करायला केलेलं काम आहे, असं मी ठरवूनच टाकलं.

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. हिंगोलीत लहानसा स्टुडिओ आहे. उन्हाळ्यात लग्नं काढतो आणि उरलेल्या दिवसांत स्वतःच्या फिल्मा करतो, ज्या मला कुणी करायला सांगितलेल्या नसतात. चांगलं बोलणारे त्याला समाजप्रबोधन म्हणतात. माझा चुलता म्हणतो, "आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ह्येच तुझं प्रबोधन." मला याचा फार राग यायचा.

खरं सांगायचं तर प्रबोधन मला उशिरा सुचलं. कॅमेरा डोळ्याला लावला की नवरीचं वय लपत नाही. गजरा टोचतो म्हणून रडकुंडीला आलेली, करवलीशी चॉकलेटवरून भांडणारी नवरी मी मांडवात पाहिलेली आहे, एकदा नाही, कितीतरी वेळा. तिच्या चेहऱ्याभोवती गुलाबाच्या पाकळ्या फिरवून मी अल्बम पोचता केला. तोंडातून एक शब्द काढला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

त्या साखरपुड्यालाही मी ऑर्डरवरच गेलो होतो. साखऱ्याच्या पुढचं एक गाव. नाव सांगत नाही, आता तेवढं शिकलोय. सोयाबीन निघालेलं होतं, पाव्हणे टेम्पो भरून आले होते. पोरीला साडी देऊन ओटी भरणार, तेवढ्यात तिची आई पुढं आली, ती साडी उचलली आणि पाव्हण्यांच्या ताटात परत ठेवली. मग म्हणाली, "माझ्या पोरीचं वय पंधरा हाय. म्या हे लगीन करनार न्हाई." एकच गलका झाला. तिचे दीर धावून आले, नवरा खाली मान घालून बसला. मी सवयीनं कॅमेरा खाली घेतला, तर ती माझ्यावरच ओरडली.

"बंद करू नका, भाऊ! चालू राहू द्या. उद्या हे लोक म्हनतील, हिनं व्हय म्हनलं व्हतं."

भर मांडवात, अंगावर माणसं येत असताना, हिला पुराव्याची आठवण होती. मी मनातून हात जोडले आणि कॅमेरा पुन्हा वर घेतला.

फिल्म तिथून सुरू झाली. गावातल्या शाळेच्या सरांनी मध्यस्थी केली, माझी हमी घेतली, तेव्हा मला त्या घरात बसायला जागा मिळाली. आठ-नऊ महिने जात राहिलो. बाई कॅमेऱ्यासमोर मोकळी बोलली. मी विचारलं होतं, "ताई, फिल्ममध्ये तुमचं तोंड झाकू का?" ती म्हणाली, "काहून? म्या काय चोरी केली?" तरी मी तिला शब्द दिला, की पोरीची बारावी होईपर्यंत ही फिल्म हिंगोली जिल्ह्यात कुठंही दाखवणार नाही. कारण दीर टपून बसले होते. आमची अब्रू चव्हाट्यावर आली म्हणत ते पहिल्यांदा पोरीचं कॉलेज बंद करतील आणि मिळेल त्या स्थळाला तिला देऊन मोकळे होतील, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. तिला, मला आणि सरांना. पोरगी दहावी झाली, रोज एसटीनं सेनगावला कॉलेजात जायला लागली. तिचं ते जाणं माझ्या शब्दावर टांगलेलं आहे, अशी माझी समजूत होती.

म्हणून मी वितरणाच्या बाबतीत खजिन्यावरच्या नागासारखा वागायचो. इंटरनेटवर फिल्म टाकली नाही. पुण्याला, नागपूरला, औरंगाबादला स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन जायचो, शर्टाच्या आतल्या खिशात. आयोजक म्हणायचे, "कॉपी द्या ना, फक्त टेस्टिंगला." मी म्हणायचो, "टेस्टिंगला मी बसतो." फिल्म संपली की आधी पेन ड्राइव्ह काढायचो आणि मग टाळ्या घ्यायचो. आणि टाळ्या पडायच्या! शेवटच्या शॉटला तर हमखास. पोरगी गणवेशात सायकल घेऊन चाललेली, मी मागून तिच्या नावानं हाक मारतो, ती वळून सरळ कॅमेऱ्यात बघते, आणि तो चेहरा मी सहा सेकंद तसाच ठेवलाय. बायका डोळे पुसायच्या. तो शॉट माझा जीव की प्राण होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नवऱ्या काढल्या, पण चेहरा असा मला एकदाच सापडला, असं मी भाषणातही सांगायचो.

जीपमधून उतरेपर्यंत माझी संशयितांची यादी तयार झाली होती. नागपूरचा एक आयोजक, जो चहा आणतो म्हणून लॅपटॉपजवळ रेंगाळला होता. मोठा दीर. आणि सर. सरांकडे एकदा दुपारभर माझी बॅग राहिली होती. एकदा संशय शिरला की माणसाला जुन्या गोष्टी नव्यानं आठवतात. सरांनी त्या दिवशी बॅग देताना माझ्याकडे नीट पाहिलं नव्हतं, हे मला गोरेगावच्या स्टँडवर उभं असताना अचानक आठवलं. मी तिथूनच फोन लावला.

"सर, तुमच्यावर विश्वास टाकला होता. पोरीच्या जिवाशी खेळ झाला ना."

 ते म्हणाले, "तुमी हे मला इचारून राहिले?" आणि फोन ठेवला. दोषी माणूस असाच फोन ठेवतो, असं मी मनाशी म्हटलं. निर्दोष माणूसही असाच ठेवतो, हे तेव्हा सुचलं नाही.

गोरेगावला एक मोबाइलचं दुकान आहे. तिथं मेमरी भरून मिळते, म्हणजे तुमच्या कार्डात गाणी, कीर्तनं, पिक्चर काय हवं ते टाकून देतात. आडगावात रेंज नसते, त्यामुळं अशी दुकानं अजून चालतात. मी गिऱ्हाईक होऊन आत गेलो आणि आडून विचारलं, "ते साखरपुडा मोडलेल्या बाईचं काही आहे का?"

दुकानदार खूश झाला. "हाय की! लई चालून राहिलं. बचत गटाच्या बाया येतात, माहेरी जाताना भरून नेतात."

"कुणी आणून दिलं?"

त्याचं हसू लगेच मावळलं. "गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नसतो, भाऊ."

"आणि कापलं कुणी?"

"मीच कापलं. जसं सांगितलं तसं, बराबर." मग मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "तुमी कोन्या पार्टीचे?"

मी बाहेर पडलो. आता एकच काम उरलं होतं. त्या बाईला जाऊन सांगायचं, की माझा शब्द खोटा पडला आणि तुमची पोर धोक्यात आहे. लगेच तिच्या गावची जीप धरली. अंगणात दिरांची मोटारसायकल उभी दिसेल, पोरगी चुलीपुढं बसलेली दिसेल, पाव्हणे आलेले दिसतील, असलं काय काय मनात येत होतं.

अंगणात ती एकटीच सुपात तूर निवडत बसली होती.

"ताई, माझ्याकडून मोठी चूक झाली. फिल्म बाहेर फुटली. कुणी फोडली ते मी शोधतोय, पण..."

"म्याच दिली," ती म्हणाली. सूप थांबलंही नाही.

"तुम्ही? कशी?" मी विचारलं.

"तुमी ती काडी दिली व्हती न्हाई का, टीव्हीला लावायची. तीच नेली दुकानात."

फिल्म पूर्ण झाली तेव्हा घरी बघायला म्हणून मीच तिला एक पेन ड्राइव्ह दिला होता. साफ विसरलो होतो. माझ्या यादीत नागपूरचा माणूस होता, दीर होता, ज्यांनी मला या घरात आणलं ते सर होते. ती नव्हती. ती फिल्ममधली बाई होती ना. फिल्ममधली बाई फिल्मचं काही करेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"अहो, पण दीर? पोरीचं कॉलेज?"

"दिराला काय नवीन हाय त्यात? साखरपुड्याला अख्खा गाव व्हता, कुनाच्या तोंडाला कुलूप लावलं व्हतं का? येऊन बोलून गेला. म्या म्हनलं, आता तर शंभर मोबाइलात हाय, आता हात लावून दाखव पोरीला." तिनं एक खडा उचलून लांब फेकला. "जावेच्या बहिनीची लेक चौदाची हाय. तिचं जमवून राहिले व्हते. म्हनून दिलं. तिकडं तुमी येनार व्हते का पडदा घेऊन?"

"मोडलं का ते लग्न?"

"पुढं ढकललं. बघू."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी खुपत होतं, आणि ते मी न राहवून विचारलं. "मग कापलं का, ताई? शेवट काढून टाकला तुम्ही. सगळा जीव त्या शेवटात होता."

पहिल्यांदा तिनं सूप खाली ठेवलं.

"टीव्हीवर लावलं तवा पोरीचं तोंड आलं, मोठ्ठं. पोरगी उठून भाईर गेली. दोन दिस जेवली न्हाई नीट. माझं तोंड माझं हाय, भाऊ, म्या दाखवीन. तुमी ते झाकायचं म्हनत व्हते. झाकायचं व्हतं ते तिचं. तिला कुनी इचारलं व्हतं?"

"तुम्हाला विचारलं होतं मी..."

"व्हय. तुमी मला इचारलं, म्या व्हय म्हनलं. माझं बी चुकलं. लगीन बी असंच ठरून राहिलं व्हतं तिचं, तिला न इचारता."

ती हे रागानं बोलली नाही, म्हणून जास्त लागलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पोरगीच आली, कॉलेजची बॅग पाठीवर, ओढणी तोंडाला गुंडाळलेली. आमचं शेवटचं बोलणं तिनं ऐकलं असावं. ती उंबऱ्यावर बसली. मला ती मामा म्हणते.

"मामा, आईनं इकडच्या मेमरीतून मला काढलं. तुमच्या तिकडच्या फिल्ममधी मी हायच ना अजून?"

"आहेस."

"किती लोकांनी पाह्यलं?"

"मोजले नाहीत."

"त्यांच्यातलं कुनी उद्या भेटलं तर मला वळखंल?"

सहा सेकंद सरळ कॅमेऱ्यात बघणारा चेहरा. कुणीही ओळखलं असतं. मी तेवढ्याचसाठी तो ठेवला होता. मी म्हणालो, "काढतो तुझा शॉट."

"कवा?"

"घरी गेल्यावर."

"लॅपटॉप हाय ना संगं? आत्ता काढा. मी बसते."

ती शेजारी येऊन बसली. मी फिल्म उघडली, शेवटाला आलो, तिचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा तिनं मान वळवली नाही, नीट बघत राहिली. मी तो कापला. फिल्म आता आईवर संपत होती. पेन ड्राइव्हवरचीही बदलली. मग तिनं बोट दाखवलं, "अन् त्या कचऱ्याच्या डब्यातलं?" मी डबाही रिकामा केला. आईची लेक शोभते, असं मला वाटलं, आणि थोडं हसूही आलं. ती हसली नाही.

"घरी अजून हाय का?"

घरी हार्ड डिस्कवर मूळ शूटिंग होतं. तो शॉट तर होताच, वर आणखी तीन वेळा मारलेल्या हाका. 'नाही' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता, हे मी कबूल करतो. इतका चांगला शॉट पुन्हा मिळणार नव्हता.

"आहे," मी म्हणालो.

"मग ते घेऊन या. तवर मी तुमाला मामा म्हननार न्हाई."

रविवारी जायचं ठरलं. वाटेत माफी मागायला सरांच्या घरी थांबलो. त्यांनी माझं ऐकून घेतलं, चहाला विचारलं नाही, आणि तेही बरोबरच होतं. हार्ड डिस्क घेऊन तिच्या दारात पोचलो, तिच्यादेखत सगळं पुसलं. ती उभ्याउभ्या बघत होती. झाल्यावर मला वाटलं, आता तरी ती मामा म्हणेल.

ती म्हणाली, "याची अजून एक कॉपी असंल तुमच्याकडं."

नव्हती. पण तिनं माझ्यावर विश्वास का ठेवावा, याचं एकही कारण मला तिला सांगता आलं नाही.